थर्मंडचा विनंती थांबा

थर्मंड हे गाव मी पहिल्यांदा पाहिले ते धावत्या गाडीच्या खिडकीतून, आणि तेही जेमतेम अर्धे मिनिट. सिनसिनाटीला राहणाऱ्या मुलाकडे जाण्यासाठी मी वॉशिंग्टनला अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेतील प्रवासी रेल्वे कंपनीच्या ‘कार्डिनल’ गाडीत बसले होते. न्यूयॉर्क आणि शिकागो यांना वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून जोडणारी ही गाडी आठवड्यातून तीनच दिवस सुटते. हिंटन मागे पडले, प्रिन्सही गेले, डाव्या हाताला न्यू रिव्हर नदी कधी संथ तर कधी खडकांवरून फेसाळत आमच्या सोबतीने वाहत होती, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास एका वळणानंतर उजवीकडे, रुळांना अगदी खेटून, जुन्या उंच इमारतींची एक रांग समोर आली. दुकानांना असतात तशा मोठ्या काचा होत्या, मात्र काचांमागे दुकाने नव्हती. गाडी थांबली नाही. तिकीट तपासनिसाला विचारले तेव्हा कळले की, येथे कोणी उतरणारे किंवा चढणारे असेल तरच गाडी थांबते. आपल्याकडे एसटीचे विनंती थांबे असतात, तसा हा आगगाडीचा विनंती थांबा होता.

ते अर्धे मिनिट माझ्या मनातून गेले नाही, याचे कारण माझ्या लहानपणात आहे. माझे वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. आमच्या कॉलनीतली घड्याळे शेडच्या भोंग्यावर लावली जात, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक कीट बसे आणि त्याची कोणी तक्रार करीत नसे. पुढे डिझेलची इंजिने आली, वाफेची इंजिने एकामागून एक भंगारात गेली, आणि शेडची वर्दळ आमच्या डोळ्यांदेखत ओसरली. इंजिनासाठी उभी राहिलेली वस्ती इंजिन बदलल्यावर काय करते, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे. म्हणून पुढच्या वर्षी जुलैमध्ये मुलाला सुट्टी मिळाली तेव्हा मी त्याला नायगारा वगैरे काही न सांगता थर्मंडला घेऊन चल असे सांगितले.

सिनसिनाटीहून निघून आम्ही रात्री बेकली येथे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी ग्लेन जीनमार्गे थर्मंडच्या वाटेला लागलो. ग्लेन जीनपासून थर्मंड सुमारे सात मैलांवर आहे. रस्ता डनलूप नावाच्या ओढ्याच्या काठाने उतरत जातो. तो इतका अरुंद आणि नागमोडी आहे की मोठ्या गाड्यांनी येथे येऊ नये असे सांगितले जाते. शेवटी नदी येते आणि तिच्यावर एकेरी पूल. या पुलावर मोटारीसाठी एकच पट्टा आहे आणि त्याला लागूनच रेल्वेचा रूळ आहे. समोरून गाडी येत नाही ना, हे पाहून मुलाने मोटार हळूच पुढे घेतली, आणि खाली नदीचे हिरवट पाणी दिसत असताना आम्ही गावात शिरलो. १९२१ पर्यंत या गावाला रस्ताच नव्हता. जो येई तो आगगाडीने येई आणि जो जाई तो आगगाडीनेच जाई.

पूल ओलांडल्यावर लगेच लक्षात येते की या गावाला मुख्य रस्ता नाही. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीवर रूळ. बँकेच्या आणि दुकानांच्या इमारती रुळांकडे तोंड करून उभ्या आहेत. दुसऱ्या गावांत जेथे बाजाररस्ता असतो तेथे थर्मंडमध्ये मुख्य लोहमार्ग आहे. दुकानातून बाहेर पडलेले माणूस दोन पावलांवर मालगाडीच्या डब्यांसमोर येत असणार. राहण्याची घरे वर डोंगराच्या उतारावर, झाडीत, एकमेकांपासून फटकून आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या मॅन्किन-कॉक्स आणि गुडमन-किनकेड या इमारती शेजारीशेजारी आहेत, त्यांच्या ओळीतच थर्मंडच्या नॅशनल बँकेची इमारत आहे. १९०४ मध्ये बांधलेले लाकडी स्थानक नदीच्या बाजूला आहे आणि संपूर्ण गावात सर्वांत देखणे तेच आहे.

हे सारे येथेच का उभे राहिले, याचे उत्तर नदीकडे आहे. न्यू रिव्हर नावाने नवी असली तरी ती जगातल्या अतिशय जुन्या नद्यांपैकी एक मानली जाते. उत्तर कॅरोलायनातून निघून ती उत्तरेकडे वाहते, अ‍ॅपलाचियन पर्वतरांगा कापत जाते आणि पुढे गॉली नदीला मिळून कनॉ नदी होते. या कापण्यामुळे खोल घळ तयार झाली आणि घळीच्या कड्यांवर कोळशाचे थर उघडे पडले. हा कोळसा कमी धुराचा आणि उत्तम प्रतीचा होता, पण तो बाहेर काढायला वाट नव्हती. ती वाट चेसापीक अँड ओहायो रेल्वेने काढली. २९ जानेवारी १८७३ रोजी हॉक्स नेस्ट येथे दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले. हा मार्ग डोंगरातून कोरून काढणाऱ्यांमध्ये यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय मजूर फार मोठ्या संख्येने होते. मार्गाच्या मालकांची नावे गावांना आणि शहरांना मिळाली. सुरुंग लावणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कुठेही वाचायला मिळत नाहीत, आणि त्या घळीतून जाताना मला ही गोष्ट सतत टोचत होती.

घळीत सपाट जागा दुर्मीळ. जी थोडीशी थर्मंडला होती, तिचे रेल्वेच्या दृष्टीने सोने झाले. आजूबाजूच्या ओढ्यांच्या दऱ्यांमध्ये खाणी होत्या. तेथून फाट्यांवरून कोळशाने भरलेले डबे थर्मंडला आणले जात, येथे त्यांच्या लांबलचक गाड्या बांधल्या जात आणि मग त्या पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे रवाना होत. वाफेच्या इंजिनाला वारंवार पाणी लागते, कोळसा लागतो, राख काढावी लागते, सांधे तपासावे लागतात. त्यासाठी इंजिनघर होते, आणि १९२२ मध्ये कोळसा भरण्याचा जो काँक्रीटचा मनोरा उभारला त्यात ५०० टन कोळसा मावत असे. तो मनोरा आजही रुळांवर पाय रोवून उभा आहे. त्याच्या खाली उभे राहून मी वर पाहिले तेव्हा मला वडिलांच्या हातांचा वास आठवला. ग्रीस, रॉकेल आणि कोळसा यांचा तो मिश्र वास साबणाने जात नसे.

भरभराटीच्या काळात थर्मंडमधून दिवसाला पंधरा प्रवासी गाड्या जात आणि वर्षाला ९५,००० पर्यंत प्रवासी या छोट्या स्थानकातून ये-जा करीत. मालवाहतुकीच्या उत्पन्नात तर या गावाने याच रेल्वेवरील सिनसिनाटी आणि रिचमंडसारख्या शहरांनाही मागे टाकले होते. स्थानकाच्या तळमजल्यावर प्रवाशांची खोली, तिकीटघर आणि सामानाची खोली होती, तर वरच्या मजल्यावर गाड्यांचे नियंत्रण करणारे लोक बसत. वरची पुढे आलेली काचेची खिडकी त्यांच्यासाठी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे रूळ खुर्चीतून न उठता दिसावेत. स्थानकाच्या इमारती पाहताना लोक कमानी आणि कौले पाहतात. मला मात्र अशा खिडक्या पाहायला आवडतात, कारण त्या कोणाच्या तरी रोजच्या कामासाठी विचार करून केलेल्या असतात.

गावाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते कॅप्टन विल्यम थर्मंड यांना १८७३ मध्ये जमीन मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून येथली ७३ एकर जमीन मिळाली. ते कडक बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती होते आणि त्यांनी आपल्या हद्दीत दारूला बंदी केली. नदीपलीकडची जमीन थॉमस मॅकेल यांची होती, त्यांना अशी अडचण नव्हती. त्यांनी १९०१ मध्ये १०० खोल्यांचे डन ग्लेन हॉटेल उघडले आणि त्या हॉटेलातला पत्त्यांचा एक डाव चौदा वर्षे चालू होता अशी आख्यायिका झाली. थर्मंडविषयी लिहिणारा प्रत्येक जण या डावावर थांबतो. माझ्या मते त्याला जरा जास्तच महत्त्व मिळाले आहे, कारण हे गाव जुगाऱ्यांनी चालवलेले नव्हते. रात्रपाळीला शेगडी पेटती ठेवणारे, ब्रेक तपासणारे, धुणी धुणारे आणि हिशेब लिहिणारे लोक ते चालवीत होते.

उतार एकाच कारणाने लागला नाही. १९२२ च्या आगीत गावाचा बराच भाग गेला, १९३० मध्ये डन ग्लेन जळाले, १९३१ मध्ये नॅशनल बँक बुडाली. रस्ते आले तशी माणसे मोटारीने दूर जाऊ लागली. तरीही १९३० च्या जनगणनेत गावात साडेचारशेहून अधिक लोक होते. खरा घाव डिझेलने घातला. डिझेलच्या इंजिनाला दर थोड्या अंतरावर पाणी आणि कोळसा लागत नाही, त्यामुळे १९५० च्या दशकात थर्मंडला थांबण्याचे कारणच उरले नाही. गाड्या पूर्वीइतक्याच जड होऊन समोरून जात राहिल्या, परंतु त्यांना थर्मंडच्या माणसांची गरज राहिली नाही. आमच्या कॉलनीतही हेच झाले होते. शेजारचे फायरमन काका निवृत्तीनंतरही रोज सायंकाळी फाटकापाशी जाऊन उभे राहत आणि जाणाऱ्या डिझेल इंजिनाकडे एखाद्या परक्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत.

आता आजच्या थर्मंडकडे येते. २००० च्या जनगणनेत येथे सात माणसे होती, २०१० मध्ये पाच आणि २०२० मध्येही पाच. पर्यटनाच्या माहितीत थर्मंडला सर्रास ‘भुतांचे गाव’ म्हटले जाते आणि लोक ते ऐकूनच येतात. मला हा शब्द मान्य नाही. भुतांच्या गावाला नगराध्यक्ष नसतो. थर्मंड ही आजही कायद्याने अस्तित्वात असलेली नगरपालिका आहे, तिला परिषद आहे आणि तेथे निवडणुका होतात. २००५ च्या निवडणुकीत सात रहिवाशांपैकी सहा जण कोणत्या ना कोणत्या पदासाठी उभे होते. ऐकताना गंमत वाटते, पण थोडा विचार केला तर दुसरा मार्ग तरी काय होता? पाच-सात घरांत कारभार चालवायचा तर प्रत्येकाला काहीतरी अंगावर घ्यावेच लागते. आपल्याकडे एकत्र कुटुंबात पाहुणे आल्यावर जसे कोणालाच पाटावर बसून राहता येत नाही, तसेच हे आहे.

आणि या परिषदेने नुसते दप्तर सांभाळले आहे असेही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये थर्मंडच्या परिषदेने पाच विरुद्ध शून्य मतांनी एक नियम संमत केला. लैंगिक कल किंवा लिंगओळख यांच्या आधारावर नोकरीत, घर भाड्याने देताना किंवा सार्वजनिक ठिकाणी कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, असा तो नियम आहे. असा नियम करणारे ते अमेरिकेतील सर्वांत लहान गाव ठरले. ज्या गावात भाड्याने द्यायला घर नाही आणि नोकरीवर ठेवायला दुकान नाही तेथे याचा उपयोग काय, असे मुलाने मला विचारले. मला तो प्रश्न पटला नाही. उद्या कोणी सहावा माणूस राहायला आला, तर त्याला कसे वागवायचे हे या पाच जणांनी आधीच ठरवून ठेवले आहे. पुष्कळ माणसे असलेल्या कित्येक गावांनी ते ठरवलेले नाही.

गावातील बहुतेक इमारती आता राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मालकीच्या आहेत. ही घळ १९७८ मध्ये ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून संरक्षित झाली, १९८४ मध्ये थर्मंडचा ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदपटात समावेश झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सारा परिसर ‘न्यू रिव्हर गॉर्ज राष्ट्रीय उद्यान आणि संरक्षित क्षेत्र’ झाला. उद्यान सेवेने स्थानक फार चांगले दुरुस्त केले आहे. १९९५ पासून तेथे उन्हाळ्यात माहिती केंद्र चालते. दर्शनी इमारतींची छपरे आणि भिंतीही सावरल्या आहेत. मात्र सगळे वाचवता येत नाही. माझ्या वडिलांना जे सर्वांत आधी पाहावेसे वाटले असते, ते इंजिनघर १९९३ मध्ये जळून गेले. वरच्या उतारावरील काही घरांच्या ओसऱ्या खचल्या आहेत आणि झाडे खिडक्यांतून आत शिरली आहेत. लाकडी घराला माणसाची ऊब लागते. रोज चूल पेटली, दारे उघडली-मिटली तर ते शंभर वर्षे टिकते, आणि कुलूप लावले की दहा पावसाळ्यांत बसते. उद्यानाचा निधी कितीही असला, तरी ती ऊब निधीतून देता येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, निदान दोन-चार घरे तरी राहण्यासाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावीत. त्यात नियमांच्या अडचणी असतील, पण पाचाचे दहा झाले तर गावाचे रूप बदलेल.

स्थानकातल्या तरुण रेंजर मुलीने आमचे अगत्याने स्वागत केले. जुने तिकीटघर, सामानाचा काटा आणि भिंतीवरील छायाचित्रे तिने दाखवली, आणि रुळांवर किंवा रुळांच्या कडेने चालू नका असे दोनदा बजावले. हे बजावणे आवश्यक आहे, कारण पाहणाऱ्यांना वाटते की गाव ओस म्हणजे रूळही ओस. हा सीएसएक्स या रेल्वे कंपनीचा चालता मुख्य मार्ग आहे. आम्ही बोलत असतानाच कोळशाची एक मालगाडी आली, आणि तिचे डबे संपेपर्यंत बोलणे थांबवावे लागले. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. ती मुलगी मान किंचित कलती ठेवून, वाक्याचा पुढचा अर्धा भाग मनात धरून, शांतपणे उभी होती. गाडी गेल्यावर तिने तो अर्धा भाग पूर्ण केला. रेल्वेच्या काठी राहणाऱ्या माणसांची ही सवय मी लगेच ओळखली. आमच्या घरी आई फोडणी आणि बोलणे दोन्ही असेच थांबवीत असे.

उन्हाळ्यात गावात येणारी वर्दळ बहुतेक नदीची असते. नदीच्या या भागातील पाणी खालच्या खवळलेल्या टप्प्यापेक्षा सौम्य आहे, म्हणून लहान मुलांना घेऊन येणारी कुटुंबे रबरी होड्यांतून येथून प्रवास करतात. पलीकडच्या काठावर, जेथे डन ग्लेन हॉटेल होते, तेथे आता होड्या पाण्यात सोडण्याची जागा आहे. आम्ही पाहिले तेव्हा केशरी जाकिटे घातलेली दहा-बारा मुले वल्ही धरून रांगेत उभी होती आणि त्यांचा वाटाड्या त्यांना बुडणाऱ्याला कसे ओढून घ्यायचे ते समजावून सांगत होता. गळ टाकून बसणारे लोक सकाळपासूनच खडकांवर होते. जवळच खाणीकडे जाणाऱ्या एका जुन्या फाट्याचे रूळ काढून पायवाट केली आहे, तिच्यावर सायकलवाले दिसतात. यांपैकी बहुतेक लोक संध्याकाळी निघून जातात. दिवे लागतात ते त्या मोजक्या घरांत.

त्या पाच जणांपैकी कोणाला भेटावे असे मला फार वाटत होते, पण कोणाच्या दारावर थाप मारणे मला प्रशस्त वाटले नाही. एका घराच्या ओसरीवर कुंड्या होत्या आणि त्यांना नुकतेच पाणी घातलेले होते, कारण फळीवरून थेंब पडत होते. दोरीवर दोन टॉवेल होते. आपण एखाद्याच्या अंगणाकडे फार वेळ पाहत आहोत हे लक्षात आल्यावर मी मागे फिरले.

रविवार असल्यामुळे दोन्ही दिशांच्या कार्डिनल गाड्या त्या दिवशी येणार होत्या. सकाळची पूर्वेकडे जाणारी गाडी दहाच्या सुमाराची. हे अ‍ॅमट्रॅकच्या सर्वांत कमी वापराच्या स्थानकांपैकी एक आहे, त्यामुळे गाडी थांबेल अशी माझी अपेक्षा नव्हती. ती जाताना नुसती पाहायची, एवढ्याच हेतूने मी फलाटाजवळच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने पुलावरून एक मोटार आली. तिच्यातून एक वयस्कर बाई आणि सात-आठ वर्षांची मुलगी उतरली. त्यांच्याकडे एक चाकांची बॅग आणि कागदात गुंडाळलेले काहीतरी होते. मोटार चालवणाऱ्या माणसाने बॅग फलाटावर आणून ठेवली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घड्याळ पाहिले. गाडी वीस मिनिटे उशिरा आली. वळणापलीकडून आधी शिट्टी ऐकू आली, मग दोन दिवे दिसले, आणि इंजिनाचा वेग उतरू लागला. मी उभी राहिले, माझ्या नकळत.

गाडी थांबली. एक दार उघडले, गार्डाने खाली उतरून पिवळी पायरी ठेवली, मुलीचा हात धरून तिला वर घेतले, मग बाईला, मग बॅगेला. गार्डाने फलाटावर दोन्ही बाजूंना पाहिले, कोणी राहिले नाही ना याची खात्री केली, तेव्हा क्षणभर त्याची नजर माझ्यावरही थांबली आणि मी मान हलवून नाही म्हटले. पायरी आत गेली, दार मिटले. सगळे मिळून दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले नसतील. मोटारीजवळचा तो माणूस शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत हात वर धरून उभा होता. मग तो एकेरी पुलावर गेला. समोरून होड्या लादलेली गाडी येत होती म्हणून तिला वाट देत थोडा वेळ थांबला, आणि पलीकडे गेला.

घरी परतल्यावर मी मुलाला अ‍ॅमट्रॅकचे वेळापत्रक काढायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये घळीतली पाने लाल-पिवळी होतात. सिनसिनाटीहून कार्डिनल मध्यरात्रीनंतर निघते आणि सकाळी थर्मंडला पोहोचते. उतरल्यावर पुढे जायला तेथे टॅक्सी मिळत नाही, त्यामुळे मुक्कामाच्या जागेवरून कोणी न्यायला येईल का, हे अजून विचारायचे आहे. पण एक तिकीट, थर्मंडपर्यंतचे, मी काढून ठेवले आहे.